चिमीचे हात

चिमी नऊ वर्षांची असताना तिचे आईवडील एड्सने गेले, आधी वडील, मग आई. तिचीही तपासणी झाली, पण तिला लागण नव्हती. मावशीने तिला आपल्या घरी आणलं. मावशी तोंडाची फटकळ. शेजारणीने विचारलं, "पोरीचं ताट वेगळं ठेवता ना?" तेव्हा ती म्हणाली, "ठेवते की. तुम्ही जेवायला आलात की त्यातच वाढीन." शेजारीण पुन्हा फिरकली नाही.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, सोफे शिवायचे. घर वर, दुकान खाली. चिमी शहाण्यासारखी राहायची, अभ्यास करायची, केर काढायची. फक्त मावशीच्या तान्ह्या मुलीला हात लावत नसे. बाळ रडून लाल झालं तरी ही आपली दारात उभी. "जळते बाळावर," असं मावशीने मनाशी ठरवून टाकलं.

मग साबणाच्या वड्या भराभर संपू लागल्या. चिमीच्या बोटांना चिरा पडल्या, वह्यांवर रक्ताचे डाग दिसू लागले. मावशीने साबण लपवला, तर ती भांड्यांच्या पावडरीने हात घासू लागली.

शाळेतल्या बाईंनी मनाच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. तिथे मावशी अडून बसली. "एक शिक्का पुसता पुसता नाकी नऊ आले. आता वेडी म्हणून दुसरा लावून घेऊ?"

काका एरवी तिच्या शब्दाबाहेर जात नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि चिमीला म्हणाले, "चल, चप्पल घाल."

डॉक्टरबाईंकडे काही खेपा झाल्या. मग एकदा चिमी म्हणाली, "बाबांना पाणी मीच द्यायचे. ते गेले. आईला मीच भरवायचे. बाबांकडची मोठी काकू म्हणाली, हिचा हात लागेल तो जातो. बाळ तर खूपच लहान आहे."

काकांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मावशीने पदराला हात पुसले, बाळ उचललं आणि सरळ चिमीच्या मांडीवर ठेवलं. चिमी उठली, बाळाला गादीवर टाकून मोरीत पळाली. तिथून तिला बाहेर काढता काढता संध्याकाळ झाली.

"असं एकदम करायचं नसतं," डॉक्टरबाई मावशीला म्हणाल्या. मग हळूहळू सुरू झालं. आधी बाळाच्या कपड्यांच्या घड्या, मग दुपटं, मग पायातले मोजे. तोवर बाळ चालायला लागलं होतं. एकदा तेच धडपडत आलं आणि चिमीचं बोट धरून उभं राहिलं. चिमीने बोट सोडवून घेतलं नाही. नंतर हात धुतला, पण एकदाच.

आता चिमी काकांच्या दुकानात कापड बेतते. घरात कुणी आजारी पडलं की तिचं हात धुणं वाढतं. मग ती स्वतःच डॉक्टरबाईंची वेळ घेते आणि मावशी सोबत जाते. जिन्यात कुणी हटकलं की मावशी सांगते, "डोळे दाखवायला चाललोय."

"मनाच्या डॉक्टरकडे," चिमी म्हणते. मावशी तोवर खाली पोचलेली असते.