मराठी मेलला तीन गुण

"आठ दिवसांत एकही अर्ज नाही. लोकांना गरज नसेल," वेलकर साहेब म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. परळमध्ये, हॉस्पिटलच्या दारात, पेशंटच्या नातेवाइकांना राहायला खोली नकोय?

आमचा ट्रस्ट अशा खोल्या देतो. वेलकर साहेब मॅनेजर, मी कॉम्प्युटर सांभाळतो. वशिलेबाजी नको म्हणून अर्ज फक्त ईमेलनेच घ्यायचा, हा ट्रस्टींचा नियम. गेटवर पाटीसुद्धा आहे: अर्ज मराठीतच लिहावा.

त्याच पाटीखाली, फुटपाथवर, कुडाळच्या गावडेबाई पिशवी घेऊन बसल्या होत्या. नवरा समोरच्या हॉस्पिटलात, सोमवारी ऑपरेशन. "पाच दिवस झाले यांनी मेल करून," वॉचमन मला म्हणाला. "मी रोज सांगतो, उत्तर येईल." रात्री त्या तिथेच झोपायच्या. वर चार खोल्या रिकाम्या होत्या.

मी तडक वर जाऊन स्पॅमचा फोल्डर उघडला. फिल्टर येणाऱ्या प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो. बेरीज पाच झाली की मेल या अडगळीत. आदल्याच आठवड्यात व्हेंडरने फिल्टरचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं होतं. आत सगळे अर्जच. बाईंचाही होता, त्यांनी सांगितला तसा भाच्याने लिहून पाठवलेला. त्याचे गुण बघितले. अनोळखी पत्ता, एक. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो जोडलाय, एक. परकी भाषा, तीन.

परकी. परळमध्ये मराठी परकी. मी व्हेंडरला फोन लावला.

"सर, वो डिफॉल्ट सेटिंग है," त्यांचा इंजिनीअर थंडपणे म्हणाला. "अपग्रेड में आपकी पुरानी फाइल उड़ गयी. लँग्वेज लिस्ट में अभी सिर्फ इंग्लिश है."

"आणि हे आम्हाला कोण सांगणार होतं?"

"सर, आप टिकट रेज करो."

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, मग पाचाची मर्यादा दहा कर की. विषय संपला."

"म्हणजे लॉटरीवाले आत येणार आणि मराठी परकीच राहणार. बाई खाली फुटपाथवर झोपतायत, साहेब."

मी यादीत मराठी घातली, अडकलेले सगळे मेल पुन्हा फिल्टरमधून सोडले. पाच मिनिटांचं काम.

राग व्हेंडरवर होता, पण खरं सांगायचं तर अपग्रेडनंतर टेस्ट मेल मीच पाठवला होता. इंग्रजीत, एका शब्दाचा. तो पोचला, मी व्हेंडरला ओके लिहिलं आणि चहाला गेलो.

किल्ली घेताना गावडेबाईंनी विचारलं, "माजा काय चुकला लिवताना?"

"तुमचं काहीच नाही," मी म्हणालो. माझं चुकलं, हे काही तोंडातून निघालं नाही.

आता प्रत्येक अपग्रेडनंतर मी टेस्ट मेल मराठीतच पाठवतो. मजकूर गावडेबाईंचाच ठेवलाय: माझ्या मालकांचं सोमवारी ऑपरेशन आहे, एक खोली मिळावी.