अण्णांची वेबसाइट उतरवताना

सायबर कॅफे बंद करून मला बरीच वर्षं झाली, पण माण गावात जुनी माणसं भेटली की २००९च्या विधानसभा निवडणुकीचे किस्से निघतातच. मीही हसतो. त्या आठवड्यात मात्र मला जेवण जात नव्हतं.

* * *

अण्णा आमच्या गावचे माजी सरपंच, त्या वेळी अपक्ष उमेदवार. त्यांच्याकडे भाड्याने राहणाऱ्या अमोल या नांदेडच्या इंजिनिअरने हौसेने त्यांची वेबसाइट बनवली. आचारसंहिता लागली, तसं अण्णांनी आपल्या नावाच्या पाट्या कागदाने झाकल्या आणि कॅफेत येऊन माझ्या मॉनिटरवर टॉवेल टाकला. स्क्रीनवर त्यांचा फोटो होता ना! दिवसभर गिऱ्हाइकं टॉवेल वर करून मेल बघत होती.

* * *

वेबसाइटच्या परवानगीसाठी मी निवडणूक कचेरीत गेलो. क्लार्कने भिंतीवरच्या जाहिरातीचा फॉर्म पुढे केला.

"जागामालकाचं संमतीपत्र लागतंय," तो म्हणाला.

अण्णांनी स्वतःच स्वतःला संमती दिली, वर सातबारा जोडला. हमीपत्र मात्र क्लार्कने माझ्याकडून घेतलं. प्रचार संपताच वेबसाइट उतरवीन, नाहीतर कारवाईला पात्र राहीन. मी सही करून मोकळा झालो.

* * *

प्रचार संपायच्या दिवशी कळलं, पासवर्ड एकट्या अमोलकडे आहे आणि तो दिवाळीला गावी गेलाय. फोन लागेना. मला घाम फुटला. अण्णांनी शांतपणे कॅफेचा मेन स्विच पाडला.

"झाली बंद. आता निवांत ऱ्हा."

तासाभरात भुकूमहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आन्ना हितं दिसत्यात की अजून."

मी मेन स्विच चालू केला आणि तेव्हापासून दर थोड्या वेळाने साइट उघडून बघत बसलो, अमोलने कुठून तरी बंद केली असेल या आशेवर. बायको म्हणाली, वकील बघून ठेवा.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी निवडणूक कचेरीतले साहेब आले. हातात माझं हमीपत्र आणि प्रचार संपला तेव्हाची वेबसाइटची प्रिंट. पानाच्या तळाशी, किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा होता. प्रिंटवर एकतीस, माझ्या स्क्रीनवर शहाण्णव.

"प्रचार थांबल्यावर पासष्ट जणांनी पाहिली?" त्यांनी पेन काढलं. "कोणी?"

"मीच साहेब. बंद झाली का ते बघत होतो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"त्यातल्या वीसेक भेटी माझ्या असतील."