राहीचं गाऱ्हाणं

राही आमच्याकडे भाजी विकायला येते, हे म्हणायला. खरं तर ती पायरीवर बसते, माझ्या बायकोशी घरच्या गोष्टी बोलते, चहा अगोड झाला तर मला ऐकवते आणि जाताना भाजी ठेवून जाते. हातखंब्याच्या पलीकडच्या वाडीतून सकाळच्या एसटीने रत्नागिरीत यायचं, दुपारी परत. नवरा केरू तीस वर्षं मुंबईला नोकरीत होता. इकडे शेत, सासूचं आजारपण, मुलीचं शिक्षण, सगळं हिने एकटीने काढलं.

केरू कायमचा गावी परतला तो देवावरचा विश्वास मुंबईतच सोडून. तो कुणाला शहाणपण शिकवत नाही, फक्त हात जोडत नाही. राहीचा एकही उपास चुकत नाही. यावरून दोघांचं कधी वाजल्याचं मात्र ऐकलं नाही. "त्येच्या वाटचे उपास पण मीच करतंय," असं ती म्हणते.

माझी भाची वैदेही कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. स्त्री-पुरुष, श्रद्धा आणि संसार हा तिच्या संशोधनाचा विषय. ती सांगते, बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त श्रद्धाळू निघतात. असं का, यावर विद्वानांचं एकमत नाही. मी म्हटलं, पुरुषांना विचारताना त्यांच्या बायका शेजारी बसवा, मग बघा आकडे. ती हसली नाही. मला मात्र खरोखरच एक गोष्ट खटकत होती. श्रद्धा म्हणजे काय रक्तातली साखर आहे, ज्याच्या त्याच्या अंगात असते आणि सुई टोचली की कळते? दोन माणसांच्या मध्ये जे असतं ते कुठे मोजणार?

यंदा राहीने मला आणि वैदेहीला घरी बोलावलं. तिची मुलगी शमिका बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, आता सातवा महिना होता. तिच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं होतं. देवापुढे नारळ ठेवून घरातल्या कर्त्या पुरुषाने मागणं बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. या घरात ते काम राहीचा थोरला दीर भिकाजी करायचा. गेल्या साली तो वारला, तेव्हा आता मान केरूचा.

वाडीतली माणसं जमली, नारळ ठेवला गेला. केरू जागचा हलेना.

"मी नाय घालायचा," तो हळूच म्हणाला. "देवासमोर खोटं कसं बोलू?"

देव नाहीच, तर खोटं कुणासमोर, असं माझ्या तोंडावर आलं होतं. कुणीतरी सुचवलं, भिकाजीच्या मुलाला मुंबईहून बोलवू, पुढल्या आठवड्यात करू. भिंतीला टेकून बसलेल्या शमिकाचे डोळे भरून आले.

राही उठली. पदर खोचून नारळासमोर उभी राहिली. त्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, ही माजी लेक तुज्या पायाशी बसली हाय. दोनदा रिकाम्या हातानं उठली. ह्या टायमाला तिची ओटी सांभाळ, म्हाराजा."

ती थांबली. कुणी काही बोललं नाही. पुरुष एकमेकांकडे बघत होते, म्हातारे जमिनीकडे. मी तर परका, माझ्या होकाराला तिथे काय किंमत. मला त्या सगळ्यांचा राग आला. राहीने शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि या वेळी तिचा आवाज कापला.

"व्हय म्हाराजा," केरू म्हणाला.

मोठ्याने, स्वच्छ म्हणाला. हात जोडले नव्हते. मग शमिका म्हणाली, मग बायका, आणि शेवटी पुरुषही. पुढच्या वाक्यांना राहीला थांबावं लागलं नाही.

नंतर अंगणात वैदेहीने त्याला सरळच विचारलं, "केरूकाका, आता मानता का देवाला?"

"नाय."

"मग व्हय कुणाला म्हणालात?"

केरू दाराकडे बघत राहिला. आत राही नारळ फोडत होती.

"ती येकटी बोलत होती," तो म्हणाला. "तीस वर्सं येकटीच बोलली. आज मी हितं होतो."