भिंतीवरचा मळा

शहराला भाजीपाला कसा पुरवावा हे जुन्या नकाशांकडून शिका, असं नगर नियोजन खात्याचे साहेब सभेसभेत घसा ताणून सांगायचे. पूर्वी बाजारातला सडका पाला शहरातल्याच एका मळ्यात मुरायचा आणि त्याच मळ्यातून ताजी भाजी बाजारात यायची. "तो मळा पुन्हा पिकवू!" म्हणत त्यांनी टाळ्याही घेतल्या. मग जुन्या नकाशावर मळ्याची जागा शोधली, तर ती नेमकी त्यांच्याच कचेरीच्या पार्किंगखाली निघाली. साहेबांचा चेहरा पडला. आता गाडी काय डोक्यावर ठेवायची? शेवटी पार्किंगच्या भिंतीवर मळ्याचं भलंमोठं चित्र काढून घेऊन त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. उद्घाटनाला बायको रिकामी पिशवी घेऊन आली. "अहो, घरात भाजी नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तेवढी त्यातली चार वांगी तोडून द्या."