सहावी नोंद

माझ्या थोरल्या जाऊबाई एकवीस वर्षं इस्पितळाच्या नोंदींच्या खोलीत आहेत. मारहाणीचं माणूस आलं की कुठे, किती आणि कशानं लागलं ते डॉक्टर सांगतात आणि जाऊबाई ते कॉम्प्युटरात भरतात. कोर्टात तीच नोंद चालते. जेवायला बसल्या की सहज सांगायच्या, "आज डावी बरगडी, दोन. बोथट वस्तू," आणि पुढचा घास घ्यायच्या. मी मात्र ताट बाजूला सारायची.

इस्पितळात त्यांना 'थांबाबाई' म्हणत. नोंदींचा डेटाबेस फार जुना, बनवणाऱ्या कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलेला. तो चालू असताना त्याची नक्कल घेतली तर ती फाटते, पुन्हा उघडत नाही, म्हणून रोज दुपारी दोन वाजता जाऊबाई तो बंद करून नक्कल घ्यायच्या. तेवढी वीस मिनिटं कोणी काही घेऊन आलं की, थांबा. रक्तानं माखलेला हवालदार आला तरी, थांबा.

मग बॅकअपचा नवा प्रोग्रॅम आला. तो बसवणाऱ्या इंजिनिअरनं सांगितलं, आता काही बंद करायचं नाही, रात्री आपोआप होईल. जाऊबाईंनी विचारलं, याला आमचा डेटाबेस ओळखता येतो का? प्रोग्रॅमच्या ओळखीच्या यादीत तो नव्हता. तेव्हा इंजिनिअरनं प्रोग्रॅमला सांगून टाकलं की या साध्या फाइली आहेत, जशा दिसतील तशा उचल. जाऊबाई तीन दिवस भांडल्या. अधीक्षकांनी बोलावून हसत हसत सुनावलं, "बाई, जग पुढे गेलं. तुम्ही किती दिवस थांबणार?" त्यांच्या आदेशाखाली जाऊबाईंनीही सही केली. दुपारची नक्कल बंद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण यायला लागली. यशस्वी.

त्याच वर्षी एक शिंपीण इस्पितळात यायला लागली. नवरा बॅटऱ्या दुरुस्त करायचा. पहिल्या वेळी कानशील, दुसऱ्या वेळी बोटं, मग बरगडी, मग डोकं. पाचव्या वेळी त्यानं तिचा तळहात शेगडीवर दाबून धरला होता. सहाव्या वेळी उजवा जबडा दोन ठिकाणी मोडला. त्या दिवशी पोलिसांत तक्रार करायला तिनं मान हलवून होकार दिला आणि केस उभी राहिली. तिच्याजवळचे कागद आणि एक्स-रे त्यानं जाळून टाकले होते. जबडा बसवणारा डॉक्टर नोकरी सोडून परदेशी गेला होता. उरल्या त्या सहा नोंदी. त्यातही जबड्याचीच भारी, कारण मोठी शिक्षा तिच्यावरच होती. नवऱ्याचा वकील म्हणत होता, बाई जिन्यावरून पडली.

तारखेला आठ दिवस असताना, भर दुपारी, जामिनावर सुटलेला तो बॅटरीवाला नोंदींच्या खोलीत शिरला. एका हातात लोखंडी दांडा, दुसऱ्या हातात बॅटरीत घालायच्या ॲसिडचा डबा. पहिला घाव पडद्यावर. दुसऱ्यानं मशीनचं झाकण उडालं. जाऊबाईंनी मागून त्याचा सदरा धरला. त्यानं वळून दांडा हाणला आणि त्यांचं डावं मनगट असं वाजलं, म्हणे, जसं वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडावं. तरी त्यांनी सदरा सोडला नाही. त्यानं त्यांना फरफटत नेलं, पोटात लाथ घातली आणि डबा मशीनमध्ये उपडा केला. धूर निघाला. शिंतोडे उडून जाऊबाईंच्या पायांना भोकं पडली.

तोवर माणसं धावली. सफाईवालीनं आग विझवायचं नळकांडं त्याच्या डोक्यात घातलं. तो पडला तरी मार थांबेना. दाढ तुटून भिंतीपाशी गेली. कोणीतरी त्याचाच दांडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला, दोनदा. जाऊबाई भिंतीला टेकून बघत होत्या.

त्यांनी पुढे मला एकटीलाच सांगितलं, "जन्मभर थांबा म्हणत आले गं. तेव्हा नाही म्हटलं."

देवापुढे बसले तेव्हा त्यांच्यासाठी माफी मागितली. मला त्यांचा राग मात्र आला नव्हता, हेही देवाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. जुना डेटाबेस नव्या मशीनवर चढेना, म्हणून कुठूनसं जुनं मशीन आणलं. कालची नक्कल लावली, उघडेना. परवाची उघडेना. आठवड्यापूर्वीची, महिन्यापूर्वीची, लावून पाहिलेली एकही नाही. रात्रपाळीच्या नोंदी चालू असतानाच प्रोग्रॅम फाइली उचलत होता. अर्धं पान आधीचं, अर्धं नंतरचं, आणि डेटाबेसला त्यातलं काहीच जुळेना.

"हिरवं यायचं रोज," जाऊबाई म्हणाल्या.

"नक्कल घेतली म्हणून हिरवं," तो म्हणाला. "ती उघडते का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं."

"तुम्हाला मात्र मी विचारलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन त्या रात्रभर विचार करत होत्या. पहाटे मला उठवलं. चार महिन्यांपूर्वी एका मेलेल्या पोराच्या नातेवाइकांनी अपघात विभाग फोडला होता, खुर्च्या पेटवल्या होत्या, एका नर्सला काचेनं चिरलं होतं. त्या संध्याकाळी आग पसरेल या भीतीनं जाऊबाई डेटाबेस नीट बंद करून निघाल्या होत्या आणि सकाळपर्यंत तो बंदच होता. म्हणजे त्या एका रात्रीची नक्कल फाटलेली नसणार.

ती उघडली. कान, बोटं, बरगडी, डोकं, तळहात. पाच.

जबडा त्यानंतरचा.

शिंपीण आली. पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग दातांच्या फटीतून म्हणाली, "माझा जबडा कुठाय?"

सरकारी वकिलानं जाऊबाईंना बाजूला घेतलं. म्हणाला, सहावी ॲसिडनं गेली एवढंच बोला. त्यानंच पुरावा नष्ट केला असं न्यायाधीश धरतील. आणि ॲसिड त्यानं ओतलंच ना? अधीक्षकांनाही तेच हवं होतं. त्यांच्या सहीचा आदेश त्यात झाकला जात होता.

तारीख लांबली आणि दोन्ही खटले एकत्र चालले तेव्हा कोर्टात मी मागच्या बाकावर होते. बॅटरीवाला पिंजऱ्यात कुबडीवर उभा होता. त्याच्या वकिलानं एकच विचारलं, "पाच नोंदी नकलेतून मिळाल्या. मग सहावी का नाही?"

जाऊबाईंनी शपथ घेतलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिंपिणीकडे. आणि सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, यादी, हिरवी खूण, आपली सही. "नोंद मी स्वतः भरली होती. उजवा जबडा, दोन ठिकाणी. पण नक्कल आमच्याकडूनच फाटली. ॲसिडनं नाही."

पाच नोंदींची आणि जाऊबाईंच्या मनगटाची मिळून त्याला सहा वर्षं झाली. जबडा सिद्ध झाला नाही.

बाहेर पायऱ्यांवर जाऊबाई शिंपिणीसमोर उभ्या राहिल्या. शिंपिणीनं रुमालानं ओठांच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. अजूनही तिचं तोंड पुरतं मिटत नाही.

"बाई, तुम्ही खोटं बोलल्या असत्या तर तो सुटेपर्यंत माझी पोरगी मोठी झाली असती," ती म्हणाली. "आता तो सुटेल तेव्हा ती दहाचीच असेल."

ती निघून गेली. जाऊबाईंनी बरोबर केलं, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही. मला ते अजून ठरवता आलेलं नाही.