शोभेचं ऑपरेशन

तोंडवलीत मथुरेला लांबून ओळखायला तिचं तोंड दिसावं लागत नसे. पुढे झुकलेली, एक हात कमरेवर, डोईवर हंडा अशी बाई बांधावरून येताना दिसली की ती मथुराच. वय अठ्ठाविसाच्या आसपास, पण पाठ साठीची.

छातीचा भार तिला लग्नाआधीपासूनच जास्त होता. शेवंती झाल्यावर तो आणखी वाढला आणि पोर अंगावरून सुटली तरी ओसरला नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ती तो बांधून घेई. पट्टीचे वळ खांद्यांवर कायमचे उठले होते आणि पावसाळ्यात पट्टीखालची कातडी सोलून निघे. त्यात काम सोडणं पिटण्याचं. खाडीच्या चिखलात कुजवलेली नारळाची सोडणं दगडावर ठेवून दांडक्यानं पिटायची, काथ्या मोकळा करायचा आणि त्याचं सुंभ वळायचं. हे काम ओणवं राहूनच होतं. संध्याकाळी उठताना तिला जमिनीला हात टेकावा लागे. तशी उठताना पाहून वाडीतल्या बायका हसत. पुरुष हसत नसत, नुसते बघत. तिला बायकांचं हसणं परवडे.

एकोणसाठ सालच्या थंडीत ती सुंभाच्या गुंड्या घेऊन खाडीपलीकडे मालवणला गेली होती. सोललेल्या कातडीला मलम मागावं म्हणून व्यापाऱ्याकडून निघून ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरली. बाईंनी दार लावून घेतलं, तपासलं आणि सांगितलं, "हे मलमानं बरं होईल आणि परत येईल. तुझं दुखणं कातडीचं नाही, वजनाचं आहे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हे कापून कमी करतात."

"कापून?"

"कापून, टाके घालून. पाठ सरळ होईल तुझी."

मथुरेनं पट्टी पुन्हा बांधून घेतली. मग तिनं एकच विचारलं, "पैशे किती पडतत?"

"ऑपरेशनचे काही नाहीत, गरिबांचा वॉर्ड असतो. पण त्याच्या भोवतालचं सगळं विकत असतं." बाईंनी मग एकेक गोष्ट सांगितली. बोटीचं भाडं दोन माणसांचं, जाऊन येऊन. खाट मिळेपर्यंत राहायची जागा. रक्त लागलं तर नातेवाइकानं द्यायचं, नाहीतर विकत घ्यायचं. बाहेरून आणायची औषधं. आणि परत आल्यावर दीड महिना हंडा उचलायचा नाही, दांडकं धरायचं नाही. त्या दीड महिन्याची मजुरी बुडणार ती वेगळीच. "दोनशेच्या आत पाय उचलू नकोस," बाई म्हणाल्या.

परतीच्या होडीत मथुरा त्या दोनशेंची फोड करत राहिली. तिला शाळा नव्हती, पण सुंभाच्या व्यापाऱ्याशी वर्षानुवर्षं वाद घालून हिशेब पक्का झाला होता. बोट पावसाळ्यात बंद. कापणीच्या दिवसांत घरातून हलता येणार नाही. म्हणजे जायचं ते कापणी उरकून, आणि त्याआधी पैसे जमवायचे.

नवरा बाबली एका मचव्यावर खलाशी होता. महिना महिना घराबाहेर. तो आला तेव्हा तिनं त्याच्या कानावर घातलं.

"माझ्याकडे मागू नको," तो म्हणाला. "तुझे तू जमव आणि जा."

नाही म्हणाला नाही, याचंच तिला बरं वाटलं. सासू काशीबाई मात्र ओसरीवरून शेजारणीला ऐकू जाईल अशी बोलली. "लोक देवाकडे मागतत, आणि आमची सून दिल्ला परत करूक चल्ली."

"अर्धा तुमका देतंय, घेवा," मथुरा म्हणाली. शेजारीण हसली. काशीबाईनं दोन दिवस तोंड फिरवलं.

पुढची दोन वर्षं मथुरेनं दोघींचं काम केलं. स्वतःची सोडणं संपली की दुसऱ्यांची पिटायची. अंडी विकायची, घरात एकही फोडायचं नाही. गणपतीला तिचा धाकटा भाऊ लवू मुंबईहून आला. तो एका खानावळीत वाढपी होता आणि गावकऱ्यांच्या खोलीत वीस जणांत झोपत असे. त्या खोलीत बाईमाणसाला जागा नव्हती. म्हणून त्यानं मुंबईत राहणाऱ्या आचऱ्याच्या सुगंधाबाईंकडे बहिणीची सोय केली. सुगंधाबाई गाववाल्या खऱ्या, पण राहण्याजेवणाचे रोजचे पैसे रोज घेणाऱ्या.

"रक्त माझा घेवंदेत," लवू म्हणाला. "तेचे पैशे धरू नको."

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर पोरीला सासूपाशी ठेवून मथुरा बोटीत बसली. कनवटीला एकशे नव्वद रुपये होते. दहा कमी पडत होते, तेवढे लवू घालणार होता.

हॉस्पिटलात बायकांच्या विभागात पुरुषांना मनाई, म्हणून लवूला दारातच अडवलं. आत गेल्यावर मथुरेनं पाहिलं तर टेबलाभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका उभा होता, सगळी तिच्या भावाच्या वयाची पोरं. मधल्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता म्हटलं, "पदर काढा. काय होतं?"

दोन वर्षं तिनं पैशांचा विचार केला होता. काय बोलायचं याचा केला नव्हता. पाठ, खांदे, सोलणारी कातडी हे सगळं सांगायचं तर आधी पदर काढायचा आणि तो या दहा जणांपुढे. निदान टेबलाजवळचा पडदा तरी ओढतील म्हणून तिनं सरकारी जागेत बोलतात तशी मराठी जुळवली आणि हळूच म्हणाली, "इथं बरं दिसत नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. तिच्या छातीकडे पाहिलं. "बरं दिसत नाही म्हणून आलात?"

त्यांना आपली अडचण कळली असं वाटून तिनं मान हलवली. आता पडदा ओढतील म्हणून ती थांबली. डॉक्टरांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, कागद तिच्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं.

खिडकीवरच्या कारकुनानं कागद वाचून लवूला सांगितलं, "हे शोभेचं ऑपरेशन. फुकटच्या वॉर्डात होत नाही. खाट आणि ऑपरेशन मिळून साडेचारशे भरावे लागतील."

लवू तिला बाजूला घेऊन गेला. "बाय, तू आत काय सांगलंस?"

तिनं सांगितलं. लवू भिंतीला टेकून उभा राहिला. "तू म्हणालंस लाज वाटता, आणि तेंका वाटला रूप बरा नाय."

"मग तेंका जावन सांग."

लवूला पुन्हा दारातच अडवलं, आणि तिचा पुन्हा नंबर लागायला आठवडा गेला. सुगंधाबाईंनी आठवडाभर रोजचे पैसे घेतले. या वेळी मोठे डॉक्टर होते आणि मथुरा डोळे मिटून सगळं बोलली. पाठ सांगितली, खांदे सांगितले, पदरही काढला. डॉक्टरांनी आधीचा कागद पाहिला आणि हसले. "तेव्हा दिसण्यासाठी म्हणालात. पैसे पडतात हे कळलं आणि पाठ दुखायला लागली?" बाजूची पोरं हसली. मग ते जरा नरमले. "तुमच्या गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, केव्हापासून दुखतं ते लिहिलेली. मग बघू."

चिठ्ठी मालवणला. मालवण बोटीनं. मथुरेनं कनवटीचे पैसे मोजले आणि लवूला परतीचं तिकीट काढायला सांगितलं.

ती घरी पोचली त्याआधीच ती हकिकत पोचली होती. लवूनं खोलीवर त्या कारकुनाला शिव्या देताना सगळं सांगितलं होतं आणि खोलीतला एकजण आधीच्या बोटीनं गावी आला होता. त्याच्या तोंडून गावाला एकच शब्द कळला. पाणवठ्यावर तिला विचारू लागले, "शोभेचा आपरेशन झाला काय गो?" एकीनं विचारलं, "आता खंयच्या सिनेमात दिसतलंस?"

मथुरेनं हंडा भरून घरी आणून ठेवला. ती खाडी ओलांडून डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि चिठ्ठी घेऊन आली. उरलेल्या पैशांत आईच्या कुड्या विकून आलेले पैसे घातले. पुन्हा जाण्यापुरते झाले. लवूनं सुगंधाबाईंना कळवलं. बोट वैशाखापर्यंत चालणार होती.

मग मचवा बंदराला लागला आणि बाबली घरी आला. ऐकायचं ते त्यानं बंदरावरच ऐकलं होतं.

"गावात माझी शोभा केलंस," तो म्हणाला.

"माझी पाठ दुखता. चिठ्ठी आसा."

"पाठ सगळ्यांचीच दुखता. मी मचव्याचो नांगर ओढतंय, माझी दुखणा नाय? मी खंय कापून घेवक गेलंय?"

"तू म्हणालंस तुझे तू जमव आणि जा. जमवलंय."

"जा," बाबली शांतपणे म्हणाला. "तुझे पैशे, तुझा आंग. पण गेलंस तर परत हय येव नको. आणि शेवंती हयच ऱ्हवतली."

काशीबाई दारात उभी होती.

मथुरा त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस हिशेब करत राहिली. भाडं, जागा, औषधं, बुडणारी मजुरी, सगळं तिनं धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्यात काही चुकलं नव्हतं. फक्त हे मोल कुणी धरलं नव्हतं, आणि ते सोडणं पिटून जमणारं नव्हतं. शेवंती सहा वर्षांची होती. झोपेत तिचा हात आईच्या लुगड्याला धरून असे.

वैशाखातली शेवटची बोट गेली. मथुरा गेली नाही.

पावसाआधी काशीबाईनंच विषय काढला, घरात पैसे नुसते पडून काय करायचे. मथुरेनं गाठ सोडून ते तिच्या पुढ्यात ठेवले. घराच्या पुढच्या पाख्यावरचा झावळ्यांचा शाकार उतरला आणि मंगळुरी कौलं चढली. वाडीत ते तिसरंच कौलारू घर. आल्यागेल्याला ओसरीवर बसवून काशीबाई वर बोट दाखवी आणि सांगे, "सुनेन घातल्यान. एक थेंब गळणा नाय."

पाहुणा वर बघे आणि चांगलं झालं म्हणे. समोर मांगरात, झावळ्यांच्या खोपटात, मथुरा सोडणं पिटत असे.