मलिंगारच्या हॉलमधला संकासुर

शॅननहून सकाळी निघालो तेव्हा आई व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर होती आणि मी मागे ड्रमच्या खोक्यांत. ही व्यवस्था तिचीच. "मला मुलूख बगायचाय," म्हणाली. गाडी चालवत होता डेक्लन, आमचा ड्रमवाला. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही आणि आईला इंग्रजीचा. तरी विमानतळाला वळसा घालेपर्यंत दोघं कशावरून तरी खदखदून हसत होती.

आई महिनाभरासाठी रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून आली होती. परतीचं विमान गुरुवारी. मी नववीत शाळा सोडली, चिपळुणात खाणावळीत भांडी घासली, मग तंदूर शिकलो आणि त्या जोरावर परदेशात, शॅनन गावातल्या एका रेस्टॉरंटपर्यंत पोचलो. इथले मराठी लोक बहुतेक कॉम्प्युटरवाले. माणसं चांगली आहेत, पण त्यांच्या गप्पांत मी पाण्याचा ग्लास धरून गप्प बसतो. आई आल्या दिवसापासून बघत होती: काम, खोली, पुन्हा काम. शेवटी तिने ठरवून टाकलं. "बाबू, तुजी मानसं दाकव मला. मानसं नसतील तर गुरवारी माज्यासंगती चल. असा एकटा नको ऱ्हाऊ."

मला जायचं नव्हतं. आणि माझी माणसं म्हणजे हा डेक्लन आणि गॉलवेला चढणार होती ती ईफा. आमचं नातं काय, तर आम्ही हेवी मेटल वाजवतो. म्हणजे ते वाजवतात, मी ओरडतो.

हे मी मागायला गेलो नव्हतो. डेक्लन एकदा जेवायला आला असताना एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीवर मी आतून "दोन नान!" अशी हाक दिली. तो खुर्ची सोडून थेट भटारखान्याच्या दारात. हा आवाज कुठे शिकलास? काय सांगणार? शिमग्यात पालखीपुढे फाका (मोठ्याने द्यायची आरोळी) देऊन गळा असा झालाय. मला खरं तर हळू गाणी आवडतात. पण नाही म्हणायला इंग्रजी कमी पडलं, आणि त्या पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी 'ये' म्हणालं हेच मला पुष्कळ होतं. ताप आला तेव्हा सूपचं भांडं घेऊन दारात उभा राहिला तो डेक्लनच.

इंग्रजी गाणी मला पाठ होत नाहीत. म्हणून मी आमच्याकडच्या पावसाळी रानभाज्यांची नावं ओरडतो. लोक डोळे मिटून माना झटकतात. मराठी कळणारं कुणी आजवर समोर बसलं नव्हतं. आज मलिंगारच्या कार्यक्रमात आई बसणार होती. मी बँडमध्ये गातो एवढं तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांपुढे लग्नातला बँड होता, लाल कोटांचा.

गॉलवेला समुद्रावर असा वारा, की आईचा पदर डेक्लनच्या तोंडावर. ईफा गिटार घेऊन आली. ती हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. तिने आम्हाला चाउडर (माशांचं दुधातलं दाट सूप) खायला नेलं.

"माशात दूध?" आई दचकली. "अंगावर कोड उटंल!"

"काय म्हणतात?" ईफाने विचारलं.

"छान आहे म्हणते," मी म्हणालो. आईने वाटी मात्र पावाने पुसून संपवली.

पुढे वाट सपाट होत गेली. शेतांभोवती दगडी गडगे, त्याआड गाई, मधेच एखादं तळं. आई प्रत्येक गाईला काही ना काही नाव ठेवत होती.

मलिंगारच्या हॉलमध्ये फिल्म क्लबच्या नोराबाई दारातच उभ्या होत्या. क्लब दर खेपेला सिनेमा दाखवतो आणि त्याला साजेसं काहीतरी नंतर ठेवतो, आज आम्हाला. या वेळी होता एक जपानी विनोदी सिनेमा: लाजाळू मुलगा, त्याला गोड गाणी म्हणायचीत, आणि गळ्यात पडलंय तोंड रंगवून गर्जणं. मला त्यावर हसू येणं अवघडच होतं.

तेवढ्यात डेक्लनने कपाळावर हात मारला. माझ्या तोंडाला लावायच्या रंगाचा डबा शॅननला राहिला होता.

"कसला रंग?" आईने विचारलं. मी घाबरत घाबरत भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर दाखवलं. पांढरं तोंड, काळे डोळे, अंगभर काळे कपडे.

आई जवळ जाऊन बघत राहिली. "ह्यो तर संकासुर!"

(संकासुर म्हणजे आमच्या शिमग्यातलं सोंग. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला बघून पळतात, आणि बायका त्यालाच नवस बोलतात.)

"सोंगाला रंग इकत आणत्यात व्हय रं? पीठ बग कुटं हाय."

नोराबाईंनी प्रेस (इकडे भिंतीतल्या कपाटाला प्रेसच म्हणतात) उघडून कॉर्नफ्लोअर काढलं. आईने पिशवीतल्या खोबरेल तेलात ते मळलं आणि माझी हनुवटी धरून तोंडभर फासलं. मग काजळाची डबी काढली. आल्या दिवशी विमानतळावर, एवढ्या माणसांत, याच डबीतला ठिपका तिने माझ्या कानामागे लावला होता. आता दोन्ही डोळ्यांभोवती बोट फिरवलं.

"ग्रँड!" नोराबाई म्हणाल्या. इकडे छान, चालेल, सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

"तुजा बाप शिमग्याच्या खेळ्यांत असाच दिसायचा," आई म्हणाली, आणि पटकन हात पुसायला वळली.

सिनेमा सुरू झाला. खालच्या इंग्रजी ओळी मी अडखळत वाचायचो आणि आईच्या कानात सांगायचो. त्यामुळे सगळा हॉल हसून गप्प झाला की आई एकटीच हसायची, आणि तिच्या हसण्यावर हॉल पुन्हा. शेवटाकडे ती कुजबुजली, "ह्याला गोड गानी म्हनू द्या की कुनीतरी."

मग आमची पाळी आली. ईफाने तार छेडली, खिडक्या थरथरल्या. मी डोळे मिटून सुरू केलं: "टाकळा! फोडशी! कुरडू!"

डोळे उघडले तर आई समोर. तिसऱ्या रांगेत, तोंडाला पदर लावून. ती रडतेय की लाजेने मेलीय, कळेना. पुढचा शब्द डोक्यातून साफ गेला. डेक्लन तेच तेच वाजवत राहिला. मी माइक धरून नुसता उभा. पीठ वितळून मानेवर उतरायला लागलं.

आणि तिसऱ्या रांगेतून आरोळी आली.

"भारंगी रं, भारंगी!"

डेक्लनची काठी हवेतच राहिली. माझा आवाज कुठून आला, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. "भारंगी!" मी ओरडलो. "भारंगी!" मलिंगारकर ओरडले, नोराबाईंसकट. आई उभी राहून पुढची सांगायला लागली, "शेवळं! अळू!", आणि पदरामागे ती मघापासून हसत होती हे मला आता दिसलं.

परतताना आभाळात अजून भरपूर उजेड होता. या दिवसांत इथे संध्याकाळ संपता संपत नाही. ईफाला गॉलवेला सोडताना आईने तिच्या कानामागेही ठिपका लावला. मग डेक्लनच्या खांद्यावर टिचकी मारली.

"सांग त्याला, पंधरा दिस शिमग्याला माजा पोरगा मला धाडायचा. मंग परत न्यायचा."

मी सांगितलं.

"ग्रँड, मिसेस मॅश," तो म्हणाला. माझं नाव महेश, त्याचा त्याने मॅश केलाय, कुस्करलेला बटाटा. "पण आम्हीपण येणार. ढोल आहे ना तिथे?"

"हाय म्हनावं. धा हायत."

गुरुवारी विमानतळावर आईने मला चल म्हटलं नाही. माझ्या मुठीत काजळाची डबी कोंबली आणि म्हणाली, "तुला लागंल," आणि रांगेत शिरली. मी खोलीवर आलो. आरसा लहान आहे, पण काजळ घालायला पुरतो. शुक्रवारी तालीम होती.